सुई त्यांची, तक्रार तिची

मी बोलतोय, अमेरिकेत केंटकीच्या डोंगरातल्या एका हॉस्पिटलचा, बाळंतिणींच्या वॉर्डात भिंतीला टांगलेला फोन. बावीस वर्षं तुमचं ऐकलं. आता तुम्ही गप्प बसा.

माझ्या डोक्यावर नियमांचा कागद डकवलाय. बाळंतिणीच्या लघवीत नशेचं औषध सापडलं, की बालकल्याण कार्यालयाला कळवायचं. न कळवणारीची नोकरी जाते. चुकीचं कळवणारीचा केसही वाकडा होत नाही. मग काय, उचलला फोन!

कार्लीन मुलिन्स मंगळवारी सकाळी कळा सोसत आली. आल्याआल्या तिची लघवी तपासायची, ते नर्स ग्लेंडा घाईत विसरली. डॉक्टरांनी कार्लीनच्या पाठीत फेंटानिलची, म्हणजे अफूच्या जातीतल्या औषधाची सुई दिली, कळा बधिर करायला. मुलगी झाली, आणि मग ग्लेंडाबाईंना आठवण झाली. आता त्या लघवीत काय गंगाजल निघणार? सुईतलं फेंटानिलच निघालं.

तिने मला उचललं. कार्लीनची आई ऑर्फा लेकीसाठी मक्याची भाकरी आणि राजम्याचं कालवण घेऊन आली होती. ती डबा हातात धरून तशीच आडवी आली.

"अगं बये, ते तुमच्याच सुईतलं! तिचे कागद तरी उघडून बघ."

"असेलही, ऑर्फाकाकू. पण ठरवणं माझं काम नाही. कळवणं माझं काम."

"मग तुला पगार कशाला? कोंबडाही रोज कळवतो की, फुकटात!"

ग्लेंडाने पाठ फिरवली नि नंबर लावला. आवाज कसा, मधात घोळलेला. मला शब्द पोचवता येतात, शरम नाही पोचवता येत.

दुपारी बालकल्याणच्या दोन बाया आल्या आणि चौकशी होईतो बाळ परक्या घरी घेऊन गेल्या. कार्लीनचा झगा छातीवर दुधाने भिजला होता. तेव्हा कुठे डॉक्टरांनी कागद उघडले. लालबुंद होऊन त्यांनी स्वतः त्या कार्यालयाला फोन केला.

पलीकडची बाई म्हणाली, "केस उघडलीय, साहेब. साठ दिवस तरी बंद होत नाही."

ऑर्फाने त्यांच्या हातातून मला ओढून घेतलं.

"कुणीही तक्रार करू शकतं ना? मग लिही, पोरी. बाळ पोटात असताना त्याच्या आईला नशेचं औषध दिलंय. कुणी? या हॉस्पिटलने. पुरावा? डॉक्टरांच्या सहीचा कागद. थांबू? थांबते की."

तिकडून त्यांनी गाणं लावून दिलंय. तास झाला. ऑर्फा मला या कानावरून त्या कानावर घेतेय.

"काकू, लाइन सोडा," ग्लेंडा खेकसते. "मला आणखी एकीचं कळवायचंय."

सोडू नका, ऑर्फाबाई. तुम्ही धरलंय तोवर तरी माझ्यातून कुणाचं लेकरू जाणार नाही.