डॉक्टरांकडे पाय

मी कॅमेरा बोलतो आहे. कार्डिफच्या एका हॉकी क्लबच्या उपचारखोलीत, टीव्हीच्या डोक्यावर माझी बैठक आहे. दुखावलेला खेळाडू माझ्यासमोर बसतो आणि साउथहॅम्प्टनचे डॉक्टर कमलाकर माझ्यातून त्याला पाहतात. मला दिसतं; स्पर्श करता येत नाही, सांगताही येत नाही. माझं सारं भय यातलंच.

२००४ साली मला इथे बसवलं तेव्हा खेळाडू खूश झाले. लांबचा प्रवास टळला. डॉक्टर मात्र साशंक होते. "हात न लावता निदान म्हणजे काचेआडून भात शिजला का ते बघणं," असं ते फिजिओ रवीला म्हणाले होते.

माणसाच्या जागी त्याचं चित्र आलं, तरी त्याच्याशी वागण्याची रीत बदलत नाही, हे मी इथेच पाहिलं. काही आया तर पडद्याला वाकून नमस्कार करतात.

सुप्रभाताईंनीही केला. त्यांच्या सतरा वर्षांच्या ईशिताला सरावात नडगीवर चेंडू लागला होता. रवी बर्फ आणायला गेला. ईशिताने पाय माझ्यासमोर लांब केला. नडगी ताठरून चकाकत होती, बोटं पांढुरकी पडली होती. मी हादरलो. डॉक्टर तेव्हा खाली बघून तिची नोंद लिहीत होते; त्यांनी वर पाहण्याआधीच आईने पाय बाजूला ओढून त्यावर शाल टाकली.

"कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"फाइन, काका. थोडा दुखते फक्त. सॅटर्डेला फायनल आहे, मी खेळणार."

"मुका मार दिसतो. बर्फ लावा, सोमवारी पुन्हा बघू."

संपर्क तुटणार होता. मला ओरडायचं होतं, पण कंठ कुठला? त्या शालीखाली एक पाय मरत होता आणि खोलीत ते फक्त मला ठाऊक होतं.

डॉक्टरांचा हात बटणापाशी थबकला. "वहिनी, पाय झाकलात का?"

"अहो, तुम्ही मोठे. तुमच्या तोंडाकडे पाय कसा करायचा?"

"मी शंभर मैलांवर आहे, वहिनी. लाथ पोचायची नाही!"

तिघंही हसली. शाल निघाली. डॉक्टरांचं हसू जागीच विरलं.

रवी परतला होता. "रवी, बर्फ राहू दे. अंगठा हळूच खाली वाकव."

ईशिताची किंकाळी माझ्या काचेपर्यंत थरथरली.

"अँब्युलन्स बोलाव. आत्ता! स्नायूंत दाब कोंडलाय, रक्त अडलंय. उशीर झाला तर पाय जाईल."

खोली रिकामी झाली. पडद्यावर डॉक्टर एकटेच उरले, तोंडावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी रवीने त्यांना कळवलं, "सर, ऑपरेशन वेळेत झालं. पाय वाचला." डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "मी फोन ठेवतच होतो रे."

मी अजून इथेच आहे. संपर्क जुळला की आजही धसका बसतो: आज माझ्यापासून काय लपेल? समोर बसणाऱ्यांनो, एवढंच मागतो. मला मान नको. मला दुखणं दाखवा.