पडक्या नाट्यगृहातला प्रवेश

किनाऱ्यावरच्या सहलींचं पत्रक राणीने बोटीच्या केबिनमधल्या पलंगावर पसरलं आणि त्यावर चष्म्याचं घर आपटलं, म्हणजे विषय संपला.

"संग्रहालय नको, बाजार नको. बंदराला लागलो की टॅक्सी करायची आणि थेट ते प्राचीन नाट्यगृह. भर दुपारी. तेव्हा तिथे चिटपाखरू नसेल."

"भाजून निघू," कुजबुजी म्हणाली.

"जन्मभर अंधारात बसलीस. लागू दे जरा ऊन!"

कुजबुजी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. विंगेत, डाव्या अंगाला स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगण्यात तिची हयात गेली. टोपणनाव तिथेच पडलं. राण्यांच्या भूमिका करून करून मैत्रिणीचंही नाव तसंच 'राणी' पडलं होतं. पण शेवटच्या प्रयोगात राणी मधेच गप्प झाली. सांगितलेलं वाक्यही तिला उचलता आलं नाही. पडदा पाडावा लागला. आता तिच्याकडे नवं नाटक आलं होतं आणि होकार-नकार कळवायचा होता.

"तिथे उभी राहून आपल्या जुन्या नाटकाचा शेवटचा प्रवेश म्हणते," राणी म्हणाली. "पार पडला, तर नाटक घेते. नाहीतर घरी बसते. तू वरच्या पायरीवर बसायचं आणि एक अक्षर सांगायचं नाही. सांगितलंस, तर मी नापास."

"आणि तू माझ्याकडे बघितलंस तर?"

"तरी नाही. शपथ घे."

कुजबुजीने शपथ घेतली. घरी बसलेली राणी तिच्या डोळ्यांपुढे येत नव्हती.

नाट्यगृहाचा अर्धा भाग ढासळलेला होता. अर्धवर्तुळाकार पायऱ्यांमधून गवत उगवलं होतं. खाली दगडी रंगमंच, मागे उंच भिंत, आणि भिंतीत उजवीकडे एकच दार शाबूत. त्या दारापलीकडे भर उन्हातही काळोख होता. कुजबुजी धापा टाकत वर जाऊन बसली. खाली राणी खाकरली, ते तिला शेजारी बसल्यासारखं ऐकू आलं.

राणीने सुरुवात केली. किल्ला सोडताना राणी दासींचा निरोप घेते, तो प्रवेश. आवाज लागला होता. कुजबुजी मनात पुढे पुढे धावत होती.

आणि राणी थांबली.

मुद्दाम घेतलेला थांबा आणि विसरल्यामुळे पडलेला थांबा यांतला फरक प्रॉम्प्टरला श्वासावरून कळतो. मुद्दाम थांबला की नट श्वास घेतो. विसरला की श्वास धरून ठेवतो. राणीने श्वास धरला होता. वाक्य कुजबुजीच्या जिभेवर आलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

राणीने वर बघितलंच नाही. तिने मान उजवीकडे, त्या दाराकडे वळवली. ऐकलं. हलकेच मान डोलावली आणि म्हणाली, "दारं लावून घ्या. आम्ही अजून आत आहोत."

हे वाक्य नाटकात नव्हतं. कुजबुजीला ते नाटक स्वल्पविरामासकट पाठ होतं. पण राणी तिथून जी सुटली, ती थेट शेवटापर्यंत.

कुजबुजी खाली आली तेव्हा राणीचे डोळे भरले होते. "सांगितलंस ना गं? केलंस मला नापास!"

"मी हूं की चूं केलं नाही."

"खरं सांग. उजवीकडून आवाज आला. पुरुषी होता, पण अगदी तुझ्यासारखा, माझा दम ओळखून."

ते वाक्यच नाटकात नाही, एवढं बोललं की सगळं संपणार होतं. कुजबुजीने तिचे डोळे पुसले.

"दगडांचा प्रतिध्वनी असेल. तुझं तुलाच आठवलं, बाई."

राणीने तिला कडकडून मिठी मारली आणि टॅक्सीत बसल्या बसल्या दिग्दर्शकाला फोन लावून होकार कळवला.

संध्याकाळी बोटीवर चहा घेताना राणी समोरच्या जोडप्याला दिवसभराची हकीकत रंगवून सांगत होती. "आणि ही माझी..." म्हणाली आणि अडली. श्वास धरलेला.

"मैत्रीण," कुजबुजी हळूच म्हणाली.

राणीने तिच्याकडे न बघता तळहात पुढे करून तिला थांबवलं. तिची मान उजवीकडे वळली होती. तिथली खुर्ची रिकामी होती.

"थांब गं," ती पुटपुटली, "तो सांगतोय ना."

मग तिने मान डोलावली आणि बोलायला तोंड उघडलं. कुजबुजीने टेबलाखालून तिचा हात घट्ट धरला.