पेडगावचा विणेकरी

पेडगावच्या सप्ताहाचा किशनरावांना फार अभिमान होता. अभिमान वाहायला गुडघे लागत नाहीत, म्हणून तो त्यांना झेपतही होता. मंडप त्यांच्या देखरेखीखाली उभा राही, पंगतीच्या वरणाचं मीठ त्यांच्या जिभेवर ठरे, आणि "आमच्या आज्यापासून वीणा भुईला टेकली न्हाई" हे वाक्य ते परभणीच्या बाजारात अनोळखी माणसालाही थांबवून ऐकवत.

नियम साधा होता. सप्ताह चालू असेतो कुणीतरी वीणा गळ्यात घेऊन उभं राहायचं. पुढचा माणूस आला की एकमेकांच्या पाया पडून ती त्याच्या गळ्यात घालायची. मंडपाबाहेर न्यायची नाही, खाली ठेवायची नाही. टेकली की सप्ताह मोडला. किशनरावांनी मात्र उभ्या हयातीत एकही पहारा दिला नव्हता. पाळी आली की त्यांचा डावा गुडघा धरायचा. एका वर्षी चुकून उजवा धरला, तेव्हा त्यांच्या पत्नी कडूबाई भरल्या पंगतीत म्हणाल्या, "अवो, औंदा गुडघा बदलला व्हय?"

सन अठ्ठेचाळीसच्या श्रावणात निजाम सरकारचा हुकूम होता की इजाजतीशिवाय माणसं जमवायची नाहीत. किशनराव इजाजत मागून आले होते. कचेरीचा विचार चालू होता. विचार चालू असतानाच तिथी आली. देव थांबेल, तिथी थांबणार नाही, असं म्हणून गावानं मंडप घातला.

कीर्तनाला पालमहून बन्सीधरबुवा आले होते. देह नश्वर आहे, हा त्यांचा हातखंडा विषय. "देह म्हंजे भाड्याचं घर. मालकानं म्हणलं की मुकाट सोडायचं!" अशी ललकारी दिली की म्हातारी माणसं डोळे पुसत. एका दुपारी किशनरावांनी त्यांना गाठलं.

"बुवा, शेजारच्या गावात घरं जाळली. त्या गावानं कुणाचं काय केलं होतं?"

"पूर्वजन्मीचं भोगायलेत."

"समदं गाव एकदम?"

बुवांनी टाळ शोधायला घेतले.

"बरं, आता आशा तरी कशाची धरावी?"

"आशा ही बेडी हाय, किशनराव. धरूच नये."

किशनरावांना हे पटलं नाही. पण पाहुण्याला उलट बोलायची गावात रीत नव्हती.

पाचव्या दिवशी पंगत उठली. वीणा व्यंकटरावाच्या गळ्यात होती आणि त्याचं तोंड रस्त्याकडे होतं. तो म्हणाला, "मालक, जरा धरता का? पाणी पिऊन येतो." किशनरावांचं पोट भरलेलं, मन गाफील. त्यांनी धरली. व्यंकटराव घाईघाईनं पाया पडला आणि रांजणाकडे न जाता थेट ज्वारीत शिरला. एवढी तहान किशनरावांनी कधी पाहिली नव्हती.

मग ओरडा झाला, "पोलीस! पोलीस!"

मंडप रिकामा झाला. सगळ्यांच्या पुढे बन्सीधरबुवा होते. भाड्याचं घर त्यांनी जीव तोडून पळवलं.

किशनराव उरले. आज त्यांचे दोन्ही गुडघे खरोखर धरले होते आणि विचारायला कुणी नव्हतं. खुंटीला टांगली तर टेकली म्हणायची का, असा एक विचार त्यांच्या मनाला चाटून गेला. आजा आठवला, विचार गेला.

जमादार दोन जवान घेऊन आत आला. "किसकी इजाजत से मजमा जमाया?"

"मजमा कुठाय, साहेब? मी एकटाच हाय."

जमादारानं मंडपाच्या दाराशी पडलेला चपलांचा ढीग पाहिला. "और ये चपलां किसके?"

"माझ्याच समद्या."

"ठाने चलो. वो बाजा नीचे रखो."

"ठेवता येत न्हाई."

जमादारानं छडी उगारली. किशनरावांनी डोळे मिटले आणि जे तोंडाला आलं ते बोलले, "मारा, साहेब. गोळी घाला. पण आधी कुणाला तरी हे धरायला सांगा. मी पडलो तर वीणा बी पडंल."

जमादार विचारात पडला. तो कायद्याचा माणूस होता, आणि मागणी त्याला रास्त वाटली. "चंद्रभान, तू ले रे."

चंद्रभान जवान इकडचाच, शेतकऱ्याचा पोर. त्यानं बंदूक खांबाला टेकवली, बूट काढले, चामड्याचा पट्टा सोडला, हातपाय धुतले, किशनरावांच्या पाया पडला आणि वीणा गळ्यात घेतली. "रामकृष्णहरी," तो पुटपुटला.

"चलो," जमादार म्हणाला. किशनराव निघाले. "चंद्रभान, तू भी."

"कैसा आऊं, साब? दूसरा आए बगैर रखते नहीं."

जमादारानं दुसऱ्या जवानाकडे पाहिलं. त्यानं लगेच आपला पट्टा आणखी एक भोक आवळला. सरकारपाशी आता एक बंदूक होती आणि ती धरायला माणूस नव्हता. जमादार चंद्रभानवर खेकसू लागला. त्याची किशनरावांकडे पाठ झाली. ज्वारी हाकेवर होती.

किशनरावांनी ज्वारीकडे पाहिलं, मग चंद्रभानकडे. पोराच्या कपाळाला घाम फुटला होता. वीणा ठेवली तर धर्म जाणार, न ठेवली तर नोकरी. पण हात ढळले नव्हते.

ते माघारी फिरले. "साहेब, त्याला सोडा. मी धरतो. दुसरा कुणी आला की आपणहून ठाण्यावर येतो."

"कौन आएगा? सब भाग गए."

"येतंय, साहेब. पहाऱ्याला माणूस येतंय."

ज्वारी तर हलतही नव्हती. तरी त्यांनी पाया पडून वीणा गळ्यात घेतली.

मंडपामागून कडूबाई हे सगळं बघत होत्या. त्या बांधावर गेल्या आणि गावाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अवो व्यंकटराव, पाणी पिऊन झालं का? सरकारचा माणूस पहारा देऊन गेला, आन तुमी धाटं मोजायलाव व्हय? बुवा, तुमी बी या. घर सोडायची पाळी अजून आली न्हाई!"

ज्वारी हलली. आधी व्यंकटराव आला, मान खाली घालून, पाय धुऊनच. मग एकेक करत सगळे आले आणि न सांगता रांग धरली. बुवा शेवटी होते.

जमादार त्या रांगेकडे बघत राहिला. आता खरा मजमा जमला होता. पण एवढ्यांना न्यायचं तर दर वेळी वीणा धरायला जवान लागला असता. "एक काफी है," तो म्हणाला.

किशनरावांनी व्यंकटरावाच्या गळ्यात वीणा घातली आणि ते परभणीच्या ठाण्याच्या वाटेला लागले. ते पुढे, जमादार मागे. गुडघ्यांची आठवण त्यांना शिवेबाहेर गेल्यावर आली.

सप्ताह पार पडला. काल्याचा प्रसाद कडूबाईंनी ठाण्यावर नेऊन दिला, तेव्हा चंद्रभाननं बूट काढून तो हातात घेतला.

किशनराव सुटून आले, आणि पुढच्या श्रावणात इजाजत मागायला निजामाची कचेरी उरली नव्हती. बुवांनी कीर्तनात सांगितलं की आशा धरायला हरकत नाही, फक्त उभं राहून धरावी. वीणेचा पहिला पहारा किशनरावांनी दिला. आज्याचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. परभणीच्या बाजारात ते आता अनोळखी माणसाला थांबवून सांगतात, "आमच्या पेडगावात सरकारनं बी पहारा दिलाय. पण पाळी आमीच पुरी केली."