उजव्या कडेवरची कळशी

जगदेवीच्या बेंबीच्या उजवीकडे जांभळ्या शाईने फुली मारून डॉक्टर मल्लिकार्जुनांनी पेनाला टोपण लावलं. मोठं आतडं काढायचं, शौचाची वाट इथून काढायची आणि वर पिशवी बसवायची, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.

जगदेवीने पदर ओढून फुली झाकली.

"न्हाई," ती म्हणाली.

तीन दिवसांतलं हे चौथं 'न्हाई'. जळकोटाकडच्या या बाईला तीन वर्षं रक्ताचे जुलाब होत होते आणि गोळ्यांनी करायचं तेवढं करून झालं होतं. आणखी आठ दिवस काढले तर आतडं फुटेल, मग हाती काही लागणार नाही, हेही सांगून झालं होतं. डॉक्टरांचे पाय सकाळपासून ठणकत होते. लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली, नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरले. दवाखान्याची पाटी तेवढी मोठी झाली, सर्जन मात्र ते एकटेच राहिले. त्यात पावसाने सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं.

बाईच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग होतं. डॉक्टरांच्याही होतं. पोटावर घाण बाळगून पूजेला लिंग हातावर कसं घ्यायचं, हीच तिची अडचण असणार, असं त्यांनी पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं होतं. म्हणून त्यांनी पुन्हा तेच पुराण लावलं: लिंगवंताला सुतक नाही, विटाळ नाही, बाळंतीणसुद्धा पूजा चुकवत नाही.

स्टुलावर बसलेल्या पार्वतम्माने, म्हणजे जगदेवीच्या सासूने, ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पूजेचं आमचं आम्हाला ठाव हाय, साहेब. तुम्ही धोंडाबाईचं सांगा."

डॉक्टरांना ती आठवली. बिलोलीकडची धोंडाबाई. गेल्या उन्हाळ्यात हेच ऑपरेशन, त्यांच्याच हातचं. टाके झकास भरले होते. दोन महिन्यांनी तिला उचलून आणलं तेव्हा ती खारकेसारखी सुकली होती, आणि तिसऱ्या दिवशी गेली. मूत्रपिंडं निकामी झाली, असं त्यांनी कागदावर लिहिलं होतं.

"माझ्या माहेरची होती ती," पार्वतम्मा म्हणाली. "पाणी प्यायचंच सोडलं होतं तिनं. प्यालं की पिशवी भरायची, भरली की धुवायला पुन्हा पाणी. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. सुनेला किती आणाय लावावं? तुम्ही तिला पाण्याचं इचारलं होतं का?"

त्यांनी जेवणाचं विचारलं होतं. टाक्यांचं विचारलं होतं. नातवाच्या शाळेचंसुद्धा विचारलं होतं.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते खाटेच्या कडेला बसले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा नीट चौकशीला लागले. दिवसातून किती वेळा जावं लागतं? चौदा-पंधरा वेळा, जगदेवीने सांगितलं, आणि दर खेपेला एक तांब्या. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. पिशवी पाच-सहा वेळा रिकामी करावी लागेल, तिलाही तांब्या तांब्या लागेल. वर प्यायला रोज तीन-चार तांबे जास्त, मीठ-साखर घालून. ते चुकवलं तर धोंडाबाईची गत.

जगदेवी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिली.

"वाचतंय की," शेवटी ती म्हणाली.

तीन दिवस डॉक्टर जीव वाचण्याबद्दल बोलत होते. ती पाण्याबद्दल बोलत होती.

मग खाटेचा दांडा धरून ती उठली. खाटेखालची अर्धी कळशी तिने सवयीने उजव्या कडेवर घेतली. कळशीचं पोट बरोबर फुलीवर टेकलं. तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

इतकी वर्षं ते रोग्याला निजवूनच फुली मारत आले होते. त्यांनी स्पिरिटचा बोळा उचलला. फुली पुसून दुसरी जागा शोधावी लागणार होती.

"राहू द्या," जगदेवी म्हणाली.

तिने कळशी डाव्या कडेवर घेतली. दारापर्यंत गेली आणि परत आली. पार्वतम्मा उठून हात लावायला गेली, तर तिने मान हलवून नको म्हटलं. कळशी खाली ठेवली, तांब्याभर पाणी ओतून घेतलं, आणि सासूच्या देखत, उभ्याउभ्या, सगळं प्याली.