माहेरची सकाळ

झिपरू पेंटर म्हणजे पंचवटीतला डोंगरांचा ठेकेदारच! हॉटेल असो, फोटो स्टुडिओ असो, भिंत दिसली की हा तिच्यावर डोंगर चढवणार, मागे सोनेरी ऊन सोडणार, दरीत धुकं भरणार. गिऱ्हाईक खूश. घरच्या भिंतीला मात्र कधी ब्रश लागला नाही.

२००१च्या उन्हाळ्यात त्याची बायको झुंबरबाई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले. तिचं माहेर सुरगाण्याकडे, पण एसटीचे हादरे आता तिला सोसणार नव्हते. ती म्हणाली, "अवो, माझा डोंगर काढून द्या. जायच्या आधी एकदा बघते."

झिपरूने जीव ओतला. खाटेसमोरच्या भिंतीवर डोंगर उभा केला, त्यावर संध्याकाळचं असं केशरी ऊन सांडलं की शेजारीपाजारी बघायला आले.

झुंबरबाई बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "छान हाय. पण हा पाव्हण्यांचा डोंगर झाला. माझा सकाळचा."

खरंच होतं की! एवढ्या वर्षांच्या संसारात हा गडी सासुरवाडीला कधी मुक्कामाला राहिला नव्हता. बायकोला सोडायचं, चहा घ्यायचा, संध्याकाळची एसटी गाठायची. कामं अडतात म्हणे! तिथली सकाळ पाहिलीच नाही, तर रंगवणार काय, कपाळ?

"आत्ता राब भाजत असतील," ती म्हणाली. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो राब. "धूर रात्रभर खाली बसतो. मग ऊन येतं."

"येतं म्हणजे कसं?"

"ते काय सांगता येतं का? बघा जाऊन."

लेकीवर, पल्लवीवर, भार टाकून तो निघाला. मेव्हण्याच्या, लहानूच्या, अंगणात झोपला आणि पहाटेच उठून बसला. आधी नुसता निळा धूर, डोंगराचा पत्ताच नाही. मग माथा तेवढा उजळला. ऊन हळूहळू खाली उतरलं, धुरात शिरलं, आणि सगळी दरीच उजळून निघाली. झिपरूला रडू आवरेना. इतकी वर्षं आपण काय रंगवत होतो, देव जाणे!

पहिली एसटी धरून तो घरी आला. दारात बायका जमल्या होत्या.

"आई सकाळीच गेली, बाबा," पल्लवीने हंबरडा फोडला. "उजाडलं का, विचारत होती. हो म्हटलं, तर म्हणाली, आता बघत असतील ते."

आत आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. झिपरू तिच्या उशाशी बसला, कानाशी वाकला आणि सांगू लागला, आधी धूर कसा होता, मग ऊन कुठून आलं. त्याला उठवायचा कुणालाच धीर होईना.