पोटातला कापूस

मी सांगाडा बोलतोय. सायकलचा. सांगाडा म्हटलं की लोकांना भलतंच आठवतं, म्हणून आधीच सांगून टाकलं. चाकं, सीट, पेडल काढून घ्या. उरतो तो मी.

मला पोलादाच्या नळ्यांपासून घडवलं. जोडणारा कारागीर कमी बोलायचा. प्रत्येक जोडावर टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा आणि मगच पुढच्या नळीला हात घालायचा. माझा एकही जोड त्याला दुसऱ्यांदा करावा लागला नाही.

माझ्या आधीच्या सायकलींच्या ब्रेकच्या तारा अंगावरून जायच्या, क्लिपांनी बांधलेल्या. माझ्या वेळी त्या पोटातून न्यायची टूम निघाली. दिसायला छान. पण पोकळ नळीत सैल तार म्हणजे रिकाम्या डब्यात चमचा. म्हणून त्या तारेवर फोमची बारीक नळी चढवतात. माझ्या वेळी कामगारांची पाळी सुटायला आली होती आणि ते काम राहून गेलं. तक्रार नाही. पण दोष माझ्या जोडांचा नव्हता, एवढं लक्षात असू द्या.

मला एका नर्सने विकत घेतलं. घरोघर जाऊन बाळंतिणी आणि तान्ही बाळं तपासायची, हे तिचं काम. दिवसाला आठ घरं, सगळी दगडी फरसबंदीच्या गल्ल्यांत. चाक दगडावर चढलं की माझ्या पोटात खडखड सुरू. गल्लीत शिरलो की निदान एक बाळ तरी उठायचंच.

एका दारातली आजी तर वाटच बघत असायची.

"आली खडखडताई. आत्ता कुठे पोराचा डोळा लागला होता."

"मी फक्त वजन करणार, आजी. झोपेतच करते."

"झोपेत? तुझी ही गाडी गावात असेपर्यंत इथे कोण झोपतंय?"

नर्सने काय काय करून पाहिलं. घंटीला रुमाल बांधला. कुलूप घरी ठेवलं. मडगार्ड आवळून आवळून त्याचा स्क्रू मोडला. शेवटी ती मला गल्लीच्या तोंडाशी उभं करून चालत जाऊ लागली. दिवसभर वजनकाट्याची जड पिशवी खांद्यावर. संध्याकाळी तिचा खांदा उतरलेला असायचा. सायकल असून बाई पायी जाते, याची मला फार लाज वाटायची.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने मला उचलून एकदा हलवलं आणि लगेच सांगितलं, "ताई, बाहेर काही नाही. आत तार आपटतेय. फोम चढवू, दहा मिनिटांचं काम."

"फोम नको," ती म्हणाली.

"का? फोमने काय वाकडं केलंय?"

"आमच्या घरात तो शब्द काढायचा नसतो."

खरंच नसायचा. तिचे वडील गादीवाले. चाळीस वर्षं कापूस पिंजला, गाद्या शिवल्या. मग त्याच रस्त्यावर फोमच्या गाद्यांचं दुकान आलं आणि चार वर्षांत म्हाताऱ्याकडे कुणी उशीसुद्धा शिवायला टाकेना. "फोम म्हणजे फुगवलेली हवा," असं ते म्हणायचे. "हवेवर माणूस झोपतो होय?" त्यानंतर त्यांनी दाभण पेटीत ठेवलं आणि खिडकीत बसू लागले. घरातलं एकच काम ते हट्टाने करायचे. लेक आली की मला दोन्ही हातांनी उचलून पायऱ्या चढवायचे, सकाळी उतरवायचे.

त्या संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, सायकल आतून वाजते."

"आत काय आहे?"

"काही नाही. पोकळ आहे."

"मग भर की. पोकळ आहे ते वाजणारच."

आणि त्यांनी पेटी उघडली.

दुसरा अख्खा दिवस ते माझ्यापाशी जमिनीवर बसून होते. जुन्या उशीतला कापूस काढला, उन्हात टाकला, बोटांनी पिंजला. तार जिथून आत शिरते तिथे बोटाएवढं भोक आहे. त्यातून दाभणाने एकेक पुंजका आत सारला. घाई नाही. मध्येच मला हलवायचे, कान लावायचे, पुन्हा थोडा कापूस. अंधार पडायच्या आत मी गप्प झालो.

त्या हातांनी मला जसं भरलं, तसं मला कुणी हाताळलेलं नाही.

लेकीने मला गल्लीभर फिरवून आणलं. म्हातारा दारात उभा.

"वाजली?"

"नाही बाबा. चिडीचूप."

"कापूस ऐकून घेतो, बोलत नाही," ते म्हणाले. त्या रात्री ते दोन वेळचं जेवण एका वेळी जेवले. आठवडाभर ज्याला त्याला थांबवून माझ्यावर टिचकी मारून दाखवत होते.

मग पाऊस लागला. त्याच भोकातून पाणी आत आलं. कापसाने ते पिऊन घेतलं आणि सोडलं नाही. मी जड झालो. आतून गंजू लागलो. ओल्या कापसाने ब्रेकची तार धरून ठेवली, ब्रेक दाबला की सुटेना. एका उतारावर चाक अडलं आणि नर्स गुडघ्यावर पडली. पिशवीतला वजनकाटा रस्त्यावर.

ती मला घेऊन लंगडत दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने पेडलचा आस उघडला आणि आकड्याने तांबडा, कुबट कापूस ओढून काढला. तो ढीग बघून म्हणाला, "हे कुणाचं डोकं?"

"माझं," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तोही हाताचं काम करणारा. पुढे काही विचारलं नाही. "फोम घालू?"

तिने त्या ढिगातला एक पुंजका उचलून पिळला. मग म्हणाली, "घाला. पण दादा, कुणाला बोलू नका."

घरी वडिलांनी गुडघा पाहिला. "पाय घसरला," ती म्हणाली. त्यांनी मला उचललं आणि पहिल्याच पायरीवर थांबले. खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

"हलकी झाली."

ती खांद्यावरची पिशवी उतरवू लागली.

"महिनाभर ही जड जड होत होती. मला वाटलं, माझेच हात गेले." मला भिंतीला टेकवून ते पायरीवर बसले. "ओला झाला होता ना?"

"हो बाबा."

"म्हणून पडलीस?"

"जरासं खरचटलंय."

"चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो. गादीला वर्षातून एकदा ऊन दाखवा, नाहीतर कापूस कुजतो." ते माझ्याकडे बघून बोलत होते. "बंद नळीत ऊन कुठून येणार? हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मला." मग म्हणाले, "आता आत काय आहे?"

तिने मान खाली घातली.

"नाव घे. जीभ झडणार नाही."

"फोम."

त्यांनी माझं पुढचं चाक उचलून पायरीवर आपटलं. मी गप्प राहिलो. इतकं गप्प राहणं मला कधी जड गेलं नव्हतं.

"काम चांगलं केलंय त्याने," ते म्हणाले. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही चार दिवस जेवला नसता."

"दोन दिवस." ते उठले. "तिसऱ्या दिवशी जेवलो असतो. गुडघा फुटण्यापेक्षा ते स्वस्त. आता सांगत जा."

त्यांनी मला उचलून वर नेलं.

याला तीन वर्षं झाली. माझा रंग उडालाय, पोटात गंजाचे डाग आहेत, पण जोड शाबूत आहेत. नर्स आता थेट दारापर्यंत सायकलवर जाते. बाळं झोपलेली असतात.

एक गोष्ट राहिली. हँडलखालच्या जोडापाशी नळ्या मिळतात, तिथे मूठभर कापूस अजून अडकून आहे. दुरुस्तीवाल्याचा आकडा तिथवर पोचला नाही. पाणी तिथवर चढत नाही, म्हणून तो कोरडा आहे, तारेच्या आड येत नाही. म्हाताऱ्याला ठाऊक असावं. रोज पायऱ्या चढवताना ते मला पुढच्या बाजूने किंचित तोलून बघतात आणि काही बोलत नाहीत.

तुम्हीही बोलू नका. दुरुस्तीवाल्याला कळलं तर काढून टाकेल.