माझ्या खाचांतले बिऱ्हाड

मित्रांनो, बिअरच्या एका लहानशा भट्टीत, दाराच्या वरच्या बाजूला, दोन खिळ्यांवर मला आडवे ठेवले आहे. माझी लांबी साडेपाच फूट. खालचे टोक पसरट आहे आणि त्यावर नखभर खोल अशा उभ्या-आडव्या खाचा आहेत. येणारी गिऱ्हाइके मला होडीचे वल्हे समजतात. काही जण माझ्याखाली उभे राहून फोटोही काढतात. पण मी ढवळणी आहे. चार पिढ्यांनी मला वापरले. बिअर हे मोठ्यांचे पेय, तुमचा त्याच्याशी अजून काही संबंध नाही. माझी गोष्ट मात्र तुमच्याही उपयोगाची आहे, म्हणून सांगते.

नासपतीच्या एका वठलेल्या झाडापासून सुताराने मला घडवले. खाचा पाडताना त्याच्या बायकोने विचारले, "अहो, नक्षी कुणाला दिसणार आहे? ही तर कायम काढ्यात बुडालेली असणार."

"जुन्या ढवळणीला होत्या, म्हणून हिलाही," सुतार म्हणाला. त्याला तेवढेच सांगितले गेले होते.

भट्टीत आल्यावर पहिल्या दिवशी मला आणि त्या जुन्या ढवळणीला एकाच हौदात दिवसभर बुडवून ठेवले. जुनीने नवीला वळण लावायचे, अशी तिथली रीत होती. दुसऱ्या दिवशी जुनी चुलीत गेली. तिची माझी ओळख एका दिवसाची.

माझे काम असे. बार्लीला मोड आणून, ती वाळवून, भरडून गरम पाण्यात भिजवायची. तिचा गोड काढा गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर उकळायचा. हाताला सोसेल इतका कोमट झाला की मग मी. उजवीकडून एकशे वीस फेरे, ना एक कमी ना एक जास्त. दुसऱ्या दिवशी हौदावर दाट, पिवळसर फेस चढायचा. त्याला तिथे 'वर येणे' म्हणत. काम झाले की मला निथळवायचे आणि फेसासकट सावलीत टांगून वाळवायचे. भट्टीतली पिंपे, नळ्या, हौद सगळे उकळत्या पाण्याने धुतले जाई. फक्त मला गरम पाणी लावायचे नाही, हा नियम होता.

"का?" असे प्रत्येक पिढीत कोणीतरी विचारले.

"लाकूड तडकतं," असे प्रत्येक पिढीने सांगितले.

माझ्या अंगात सतत एक बारीक गुदगुली असे. वाळत टांगले की ती मंदावे, काढ्यात उतरले की उसळे. सगळ्या लाकडांना असेच होत असणार, असे मी धरून चालले होते.

ज्यांच्याबद्दल मला सांगायचे आहे ते मालक मला वापरणाऱ्यांतल्या तिसऱ्या पिढीचे. त्यांचे तीन मित्र होते, तिघेही बिअर बनवणारे, तीन वेगवेगळ्या भागांतले. वर्षातून एकदा चौघे इथे जमत. टेबलावर चार ग्लास मांडत, प्रत्येकाखाली चिठ्ठी. घोट घ्यायचा आणि कोणाची ते ओळखायचे. तसे ओळखणे काही अवघड नसे. डोंगरवाल्यांकडचे पाणी हलके, म्हणून त्यांची बिअर फिकी आणि आरपार दिसेल इतकी नितळ. किनाऱ्यावरच्या काकूंकडचे पाणी चुन्याचे, जड. त्यात करपेपर्यंत भाजलेली बार्लीच चांगली उतरते, म्हणून त्यांची बिअर काळीभोर. खोऱ्यातला तिसरा मित्र काढा उघड्या परातींत ठेवायचा आणि वाऱ्याबरोबर येईल ते येऊ द्यायचा. त्याची बिअर आंबट, आणि चेहराही तसाच, म्हणून त्याला सगळे आंबटराव म्हणत. आमची गढूळ, आणि तिला संत्र्याच्या सालीचा अन् मागून किंचित मिरीचा वास.

खरी मजा एकमेकांची टर उडवण्यात होती.

"काय रे आंबटराव," काकू विचारायच्या, "यात लिंबू पिळलंस की ग्लास नुसता तोंडाजवळ नेलास?"

"तुमची प्यायला तर चमचा लागतो, काकू."

"माझ्याबद्दल कोणी बोलत नाही," डोंगरवाले म्हणत.

"बोलण्यासारखं त्यात असायला तर हवं ना!" मालक म्हणत, आणि चौघे खो-खो हसत.

मग एका वर्षी मालक जिन्यावरून पडले आणि त्यांचे कमरेचे हाड मोडले. वरच्या खोलीतल्या पलंगावरून आता ते काही खाली उतरणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगण्याआधीच त्यांना कळले होते. मुलगा पिंपे पोचवायला सतत गाडीवर. भट्टीत मालकांच्या हाताखाली गेली सहा वर्षे राबत होती ती सूनबाई. मालकांनी तिला बोलावले.

"या वेळी सगळं तू कर," ते म्हणाले. "मी फक्त पिणार. चार ग्लासांत आपली मला वासावरून ओळखता आली की भट्टी तुझी. मग मी डोळे मिटायला मोकळा."

"असं काय बोलता बाबा? अजून मला शिव्या कोण घालणार?"

"त्याची सोय काकू करतील."

सूनबाई हसत खाली आली, पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. मी समोरच टांगलेली होते. तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या खाचांत वर्षानुवर्षांचा फेस वाळून काळपट झाला होता. तिने मला नाकाशी धरले आणि तोंड वेडेवाकडे केले.

तिची आई दवाखान्यात नर्स होती. चिमटे, कात्र्या, सुया उकळणाऱ्या भांड्याच्या वाफेतच ती लहानाची मोठी झाली होती. यंदा बाबांच्या बिअरमध्ये कसलाही दोष राहायला नको, हे तिने मनाशी ठरवले होते. नियम तिला तोंडपाठ होता आणि त्याचे कारणही. लाकूड तडकते ते एकदम ताप लागला म्हणून, हे तिला ठाऊक होते. मग तिने मला ओल्या फडक्यात गुंडाळले. आधी थंड पाणी, मग थोडे कोमट, मग थोडे आणखी गरम, असे थर्मामीटर धरून दोन तास चढवत नेले आणि शेवटी अर्धा तास उकळले. त्यानंतर तितक्याच सावकाश निवू दिले. मऊ ब्रशने एकेक खाच घासली. मग मला उजेडात धरून वरपासून खालपर्यंत तपासले. कुठेही चीर नव्हती.

इतक्या मायेने मला कोणी कधीच हाताळले नव्हते, मित्रांनो. आणि माझ्या अंगातली गुदगुली थांबली होती. मला वाटले, स्वच्छ झाल्यावर असेच वाटत असेल.

तिने काढा केला. एकशे वीस फेरे मोजून मारले. दुसऱ्या दिवशी हौद सपाट होता. तिसऱ्या दिवशीही. वरून मालकांनी हाक मारली, "वर आली का गं?"

"येतेय, बाबा."

तिने हौदाला गोधड्या गुंडाळल्या. पाचव्या दिवशी काढ्याला कुजका वास सुटला आणि तो सगळा मोरीत गेला. माझ्यावर तिला संशयसुद्धा आला नाही. "माझ्याच हाताला गुण नाही," असे ती आरशासमोर उभी राहून स्वतःला म्हणाली. मित्र यायला तीन आठवडे उरले होते. तिने दुकानातून यीस्टची पुडी आणली, नवा काढा केला आणि पुडी त्यात सोडली. तो सुरेख वर आला.

ठरल्या दिवशी चौघे वरच्या खोलीत जमले. मालकांनी हट्ट धरला म्हणून मलाही वर नेले आणि पलंगाला टेकवून ठेवले. टेबल पलंगाशी ओढून चार ग्लास मांडले. बाकी तिघांनी मान दिला तो मालकांना. पहिला घोट त्यांचा.

"ही डोंगरवाल्यांची. आहे की नाही, तेच कळत नाही."

"झालं सुरू," डोंगरवाले म्हणाले.

"ही काकूंची. चमचा द्या." मग तिसरा ग्लास. त्यांनी डोळे बारीक केले. "आंबट्या, या वर्षी बरी जमलीय."

चौथा ग्लास त्यांनी नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरला. घोट घेतला. पुन्हा वास घेतला. सूनबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"हा पाहुणा कोण?" मालकांनी विचारले.

काकूंनी घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला.

"बाबा, आपली आहे ती," सूनबाई म्हणाली.

मालकांनी आवाज चढवला नाही. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. बार्ली तीच? तीच. पाणी विहिरीचंच? विहिरीचंच. फेरे? एकशे वीस. मग तिने पुडीचे सांगितले, आधीचा हौद वर आला नाही तेही सांगितले. आणि शेवटी, कारण ती खोटे बोलणारी बाई नव्हती, माझे सांगितले.

"पण तडकली नाही, बाबा. दोन तास सावकाश तापवली. एकही चीर नाही, बघा ना."

आंबटराव उठले. मला आडवे घेऊन त्यांनी माझ्या खाचांचा वास घेतला, एका खाचेत नख घालून पाहिले आणि मला पुन्हा पलंगाला टेकवले.

"माझ्याकडे यीस्ट वाऱ्यावर येतं," ते म्हणाले. "काकू फेस मडक्यात राखून ठेवतात. डोंगरवाले तळाचा गाळ जपतात. तुमच्याकडे ते हिच्यात राहत होतं. फेस सुकला की झोपायचं, काढ्यात उतरलं की उठायचं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे. भट्टी तुझी."

मालक माझ्याकडे बघत राहिले. "मला बापाने सांगितलं, तडकते. मी तेच पुढे सांगितलं," ते म्हणाले. "मी तर समजत होतो, फेऱ्यांनी वर येते."

त्यांनी चौथा ग्लास उचलला आणि रिकामा केला. "चांगली झालीय, पोरी," ते सूनबाईला म्हणाले. "पण आपली नाही."

मित्रांनो, बोटाच्या पेरावर लाखांनी मावतील इतके लहान, काढा आंबवणारे जीव माझ्या खाचांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. एका दिवसाच्या ओळखीत जुन्या ढवळणीने मला जे दिले होते ते हेच. आणि ते बिऱ्हाड उठले तेव्हा मी स्वतःला स्वच्छ समजून खूश होते.

सूनबाईने हार मानली नाही. आमची बिअर ताजीच संपायची, त्यामुळे तळाशी ते यीस्ट उरलेली जुनी बाटली कुठे मिळाली नाही. पिंपे नियमाप्रमाणे उकळत्या पाण्याने धुतलेली. तिने माझ्या सगळ्यांत खोल खाचांतून लाकूड खरवडले, नऊ बरण्यांत कोमट काढा घेऊन त्यात सोडले आणि रोज सकाळी वहीत नोंद करू लागली. दोन बरण्यांत बुरशी आली. एकीत बुडबुडे दिसले, ती धावतच वर गेली. पण दोन दिवसांत त्या बरणीलाही कुजका वास सुटला.

रोज सकाळी वरून आवाज यायचा, "काही?"

"अजून नाही, बाबा."

बत्तिसाव्या दिवशी आवाज आला नाही. ती घाबरून वर गेली. मालक जागे होते, खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी फक्त विचारायचे सोडले होते. त्या दिवशी तिने बरण्या धुऊन पालथ्या घातल्या. हिवाळा संपायच्या आत मालक गेले.

भट्टी अजून चालते. पुडीची बिअर लोकांना आवडते. ती कुठेही मिळते तशी आहे, एवढेच. सूनबाईने आतल्या भिंतीवर एक मोठा कागद लावला आहे. त्यावर भट्टीचे सगळे नियम आहेत आणि प्रत्येकासमोर त्याचे कारण. पाच नियमांपुढे तिने लिहिले आहे, 'कारण माहीत नाही. शोध चालू आहे. तोवर हात लावू नये.'

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. एखादी वस्तू जपायची असेल तर तिच्याकडून नेमके काय होते, ते आधी शोधा. घरातल्या मोठ्यांना 'का' विचारा, आणि उत्तर पटले तरी आणखी एकदा विचारा. उद्या तुम्हीही मोठे व्हाल आणि कोणीतरी लहान तुमच्यासमोर येऊन उभे राहील. तेव्हा कारण ठाऊक नसेल, तर तसे सांगा. सांगायला कमीपणा वाटेल. वाटू द्या.